सुजलेल्या मुलाचं डोकं दुखू लागलं तर थांबू नका

 

आजचा विषय जरा अवघड आहे, पण आपण तो सावकाश समजून घेऊ. लहान मुलांना किडनीचा एक आजार होतो. त्यात कधी कधी मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ती का होते, कशावरून ओळखायची आणि तिच्यावर उपचार कसा चालतो, हे आज बोलू. असं रोज घडत नाही. पण घडतं तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणायला वेळ नसतो. आणि दवाखान्यातून घरी आल्यावर पुढचे कित्येक महिने औषध आईच्याच हातून जायचं असतं. म्हणून हे डॉक्टरांइतकंच आपल्यालाही कळलं पाहिजे.

आधी किडनीचा आजार समजून घेऊ

या आजाराचं नाव आहे नेफ्रोटिक सिंड्रोम. बहुतेक वेळा तो २ ते ६ वर्षांच्या मुलांमध्ये सुरू होतो. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. सकाळी मूल उठतं तेव्हा पापण्या सुजलेल्या असतात. आपण म्हणतो, काहीतरी चावलं असेल. मग पाय सुजतात, पोट फुगतं, चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ कमरेवर राहतो. लघवी कमी होते आणि तिला साबणाच्या पाण्यासारखा फेस येतो.

किडनी म्हणजे अंगातली गाळणी. घाण लघवीवाटे बाहेर टाकायची आणि कामाच्या गोष्टी रक्तात ठेवायच्या, हे तिचं काम. या आजारात गाळणीची जाळी सैल होते आणि रक्तातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. अंड्याच्या पांढऱ्या भागातही प्रथिन असतं. अंड्याचं पांढरं फेटलं की फेस येतो ना, लघवीला फेस येतो तो प्रथिनामुळेच.

घाबरून जाऊ नका. शंभरातल्या ८० ते ९० मुलांना प्रेडनिसोलोन नावाच्या स्टिरॉइड गोळीने गुण येतो, बहुतेकांना ४ आठवड्यांच्या आत. मात्र हा आजार उलटतो. पुष्कळ मुलांना पुन्हा पुन्हा सूज येते. म्हणून या मुलांवर काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं.

अंगात पाणी, पण रक्तात दुष्काळ

आता गुठळीकडे येऊ. आपण शिजवताना पाक आटला की घट्ट होतो. रक्ताचंही तसंच आहे. अल्ब्युमिन हे पाणी शिरांच्या आत धरून ठेवतं. ते लघवीतून निघून गेलं की पाणी शिरांमधून बाहेर झिरपतं आणि मांसात साठतं. तीच सूज. बाहेरून मूल पाण्याने भरलेलं दिसतं, पण आत शिरांमध्ये पाणी कमी पडलेलं असतं. रक्त दाट झालेलं असतं.

दुसरी गोष्ट. आपल्या रक्तात एक तराजू असतो. एका पारड्यात रक्त गोठवणारी द्रव्यं, दुसऱ्या पारड्यात रक्त गोठू न देणारी. बोट कापलं तर रक्त थांबावं, पण शिरेत आतल्या आत गोठू नये, म्हणून दोन्ही लागतात. गोठू न देणाऱ्यांत अँटीथ्रॉम्बिन नावाचं एक महत्त्वाचं प्रथिन आहे. नेफ्रोटिकमध्ये तेही लघवीतून निघून जातं. इकडे यकृताला वाटतं, प्रथिनं कमी झाली, भरून काढू. ते जोमाने प्रथिनं बनवतं, पण त्यात गोठवणारीच जास्त बनतात. तराजू एका बाजूला कलतो.

त्यात मुलाला जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, मूल दिवसभर पडून राहिलं, किंवा सूज उतरवायची लघवीची गोळी जास्त दिली गेली, तर रक्त आणखी दाट होतं. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. सूज आहे म्हणून मुलाचं पाणी आपल्या मनाने तोडू नका. आणि लघवीची गोळी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून किंवा मागच्या वेळची उरलेली म्हणून देऊ नका. पाणी किती आणि गोळी किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मीठ मात्र कमी करा. पापड, लोणचं, फरसाण बंद.

नेफ्रोटिक असलेल्या शंभर मुलांमध्ये साधारण ३ मुलांना कुठे ना कुठे गुठळी होते. कुणाला पायात, कुणाला किडनीच्या शिरेत, कुणाला फुप्फुसात, आणि काहींना मेंदूत. १२ वर्षांच्या पुढच्या मुलांना आणि ज्यांचा आजार स्टिरॉइडला दाद देत नाही त्यांना धोका जास्त असतो.

मेंदूतला तुंबलेला चर

म्हाताऱ्या माणसांना लकवा होतो तो आपल्याला माहीत आहे. त्यात बहुतेक वेळा मेंदूला रक्त पोचवणारी शीर बंद पडते. या मुलांमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं. मेंदूतून रक्त परत नेणारी शीर बंद पडते. शेतात पाणी आणणारा पाट असतो आणि जादा पाणी काढून देणारा चर असतो. पाट बंद झाला तर पीक वाळतं. चर तुंबला तर शेत चिभडतं, पाणी साठत जातं, आणि शेवटी एखाद्या ठिकाणी बांध फुटतो.

मेंदूचेही असे मोठे चर असतात. त्यातला सर्वात मोठा डोक्याच्या मधोमध, भांगाच्या रेषेखालून कपाळापासून मागे जातो. त्यात गुठळी बसली की रक्त तुंबतं, मेंदूला सूज येते, डोक्यातला दाब वाढतो. कधी कधी बारीक शिरा फुटून थोडं रक्तही सांडतं.

कशावरून ओळखायचं

चर हळूहळू तुंबतो, तशी लक्षणंही कधी एका दिवसात, तर कधी चार-आठ दिवसांत वाढत जातात. म्हणून ती फसवतात.

डोकं दुखतं आणि दुखणं वाढत जातं. उलट्या होतात. मूल सुस्त पडतं, झोपून राहतं, हाक मारली तरी नीट बोलत नाही. डोळ्याला एकाचे दोन दिसतात, किंवा डोळा नव्यानेच तिरळा होतो. अंधुक दिसतं. आकडी येते, म्हणजे फिट येते. एका बाजूचा हातपाय कमजोर पडतो. लहान मूल डोकं दुखतं असं सांगू शकत नाही. ते किरकिर करतं, डोकं धरतं, उजेडाकडे बघत नाही.

यातली डोकेदुखी आणि उलटी एवढीच असली की घरात कुणी म्हणतं पित्त झालं, कुणी म्हणतं दृष्ट लागली. दृष्ट काढायची तर काढा, पण गाडी बोलवल्यानंतर. नेफ्रोटिकच्या मुलाचं डोकं दुखून उलट्या होत असतील आणि मूल सुस्त असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री दवाखाना. या मुलांमध्ये रक्तदाब वाढल्यानेही असंच होऊ शकतं, मेंदूज्वरानेही होऊ शकतं. ते ओळखणं डॉक्टरांचं काम. आपलं काम वेळेत पोचवणं.

आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, किती मिनिटं चालली ते बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात एक वाक्य सांगायचं

रात्रपाळीला नवे डॉक्टर असतात. त्यांना आपल्या मुलाचा इतिहास माहीत नसतो. सूज उतरलेली असेल तर मूल वरून साधंच दिसतं. म्हणून गेल्या गेल्या हे वाक्य सांगा: “याला नेफ्रोटिक आहे, लघवीतून प्रथिन जातं. डोकं दुखतंय, उलट्या होताहेत. डोक्यातल्या शिरेत गुठळी तर नाही ना?” एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांचा विचार योग्य वाटेला लागतो. सोबत जुनी फाईल आणि चालू गोळ्या न्या.

तपासणी कोणती? साधा सीटी स्कॅन पुष्कळदा आधी होतो, कारण तो जवळ मिळतो. पण साध्या सीटीत ही गुठळी सुटू शकते. शिरा दाखवणारा एमआरआय किंवा शिरांमध्ये औषध सोडून केलेला सीटी, यांत ती नीट दिसते. म्हणून साधा सीटी नॉर्मल आला आणि मूल तसंच सुस्त असेल, तर “शिरांची तपासणी करायची का?” हे अदबीने पण स्पष्ट विचारा. एमआरआयच्या यंत्राचा आवाज फार होतो, म्हणून लहान मुलाला झोपेचं औषध देतात. त्यात क्ष-किरण नसतात. डॉक्टर डोळ्यांच्या मागचा पडदाही तपासतात, कारण डोक्यातला दाब तिथे दिसतो.

उपचार: गोठणं थांबवायचं आणि गळती बंद करायची

मुख्य औषध म्हणजे हेपारिन. आपण त्याला रक्त पातळ करणारं इंजेक्शन म्हणतो. खरं तर ते रक्तात पाणी घालत नाही, रक्त गोठण्याची क्रिया आवरतं. गुठळी वाढायची थांबते, नवी होत नाही, आणि असलेली गुठळी शरीर स्वतः हळूहळू विरघळवतं. म्हणून आज इंजेक्शन आणि उद्या गुठळी गायब, असं होत नाही. धीर धरावा लागतो.

हेपारिन दोन तऱ्हांनी देतात. एक, सलाईनमधून सतत. दुसरं, कातडीखाली बारीक सुईने. दुसऱ्या प्रकारातलं एनॉक्सापॅरिन हे बहुतेक वेळा दिवसातून २ वेळा, १२-१२ तासांनी देतात. डोस मुलाच्या वजनावर आणि किडनीच्या कामावर ठरतो. म्हणून एका मुलाचा डोस दुसऱ्याला चालत नाही.

इथे एक गोष्ट कळली की बाकीचं सोपं होतं. हेपारिन एकटं काम करत नाही. ते काम करतं अँटीथ्रॉम्बिनच्या मदतीने. आणि अँटीथ्रॉम्बिन तर लघवीतून वाहून चाललंय. म्हणून कधी कधी नेहमीच्या डोसाने गुण येत नाही. मग डॉक्टर वरचेवर रक्त तपासतात, डोस वाढवतात, कधी रक्तातला प्लाझ्मा चढवतात. “एवढं रक्त कशाला काढतात?” असं वाटलं तर हे कारण आठवा. आणि याचसाठी स्टिरॉइडही चालू ठेवावं लागतं. गळती थांबली की तराजू सरळ होतो. गुठळीचा उपचार आणि किडनीचा उपचार ही एकाच बैलगाडीची दोन चाकं आहेत.

कधी डॉक्टर सांगतात, मेंदूत थोडं रक्त सांडलंय, तरी हेपारिन द्यायचंय. घरचे लोक घाबरतात. रक्त सांडलंय आणि वर पातळ करायचं? पण चराची गोष्ट आठवा. बांध फुटला तो चर तुंबला म्हणून. नुसता बांध थोपटून उपयोग नाही, चराची वाट मोकळी करावी लागते. म्हणून अशा वेळीही पुष्कळदा हेपारिन देतात, मुलावर बारीक लक्ष ठेवून. सही करण्याआधी शंका विचारा, तो आपला हक्क आहे. पण नुसत्या भीतीने औषध नाकारू नका.

आकडी आली असेल तर आकडीचं औषध देतात. शरीर कोरडं पडलं असेल तर मोजून पाणी भरतात. इतकं करूनही मूल खालावत गेलं, तर मोठ्या रुग्णालयात बारीक नळी घालून गुठळी विरघळवायचा किंवा काढायचा प्रयत्न करतात. ती वेळ थोड्यांवरच येते.

गाईंच्या चाऱ्यातून आलेली गोळी

काही दिवसांनी पुष्कळ मुलांना इंजेक्शनऐवजी वॉरफरिनची गोळी सुरू करतात. तिची गोष्ट आपल्यासारख्या गुरं पाळणाऱ्या बायांनी ऐकावी अशी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गाई अचानक रक्त जाऊन मरू लागल्या. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात गेला. तिथे कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं खपून चाऱ्यातलं ते द्रव्य शोधलं. त्यातून पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं.

म्हणून कुणी म्हणालं की “हे तर उंदराचं औषध”, तर दचकू नका. मोजून दिलं तर औषध, न मोजता दिलं तर विष. यासाठीच आयएनआर नावाची रक्ततपासणी करतात. ही बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. कमी आली तर गुठळीचा धोका, जास्त आली तर रक्तस्रावाचा. तपासणीची तारीख चुकवायची नाही.

घरी आल्यावर

औषध किमान ३ महिने चालतं, पुष्कळदा ६ महिने. लघवीतून प्रथिन जात असेल तर आणखीही. मूल चार दिवसांत खेळायला लागतं आणि इथेच घात होतो. “बरं झालं की, आता कशाला टोचायचं?” असं वाटतं. पण गुठळी अजून आत असते. डॉक्टर सांगेपर्यंत हेपारिन, वॉरफरिन, स्टिरॉइड, आकडीचं औषध, यातलं काहीही आपण होऊन बंद करायचं नाही. स्टिरॉइड तर एकदम तोडलं की जिवावर बेतू शकतं.

इंजेक्शन घरी द्यायचं असेल तर सुट्टी होण्याआधी नर्सबाईंकडून शिकून घ्या. त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने देऊन बघा. पोटाची किंवा मांडीची जागा रोज बदलायची आणि टोचल्यावर चोळायचं नाही. जमत नसेल तर आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारा.

ताप किंवा दुखण्यावर कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या नकोत. बाहेर कुठे दाखवलं तर “रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, दंडात किंवा कमरेवर इंजेक्शन देऊ नका” असं सांगा. लस द्यायच्या आधीही स्टिरॉइड आणि हे औषध चालू असल्याचं सांगा. झाडपाल्याचं औषध डॉक्टरांना न विचारता नको.

वॉरफरिन चालू असेल तर मेथी, पालक, माठ, शेवग्याचा पाला या भाज्या बंद करायच्या नाहीत. पण एक आठवडा रोज आणि मग महिनाभर नाही, असंही नको. नेहमी सारख्याच बेताने द्या. या भाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं, त्यामुळे प्रमाण बदललं की डोस बिघडतो.

नाकातून रक्त १० मिनिटं दाबूनही थांबत नसेल, शी काळी झाली, लघवी लाल झाली, अंगावर निळे डाग उठले, किंवा मूल डोक्यावर पडलं, तर लगेच दवाखाना.

आणि रोज सकाळी लघवी तपासा. औषधाच्या दुकानात पट्टी मिळते. लघवीत बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा आणि वहीत तारखेसह लिहायचा. ३ दिवस लागोपाठ ३ अधिक किंवा त्यावर आलं तर आजार उलटला असं समजून डॉक्टरांना कळवा, सूज यायची वाट बघू नका. सूज पुन्हा येते तेव्हा गुठळीचा धोकाही पुन्हा येतो.

वेळेत औषध मिळालेली पुष्कळ मुलं चांगली सावरतात, शाळेत जातात. काहींना आकडी, नजरेचा त्रास किंवा हातापायाची कमजोरी मागे राहते. म्हणून डोळे पुन्हा तपासून घ्यायचे, आणि शाळेतल्या गुरुजींना आजाराची कल्पना द्यायची.

गटाने काय करायचं

हा उपचार एकट्या बाईने ओढायचा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटा, कोणता खर्च योजनेत बसतो ते विचारा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मुलाची माहिती द्या.

बाकीचं आपल्या हातात आहे. आई मुलाजवळ दवाखान्यात असताना तिच्या घरची धार कुणी काढायची, धाकट्याला कुणी सांभाळायचं, आयएनआरच्या दिवशी सोबत कुणी जायचं, हे गटाच्या बैठकीत ठरू शकतं. प्रवासापुरतं अडीअडचणीचं कर्ज लगेच मंजूर होऊ शकतं. गावात सूज येणारं मूल असेल तर त्याच्या आईला आजची लक्षणं वाचून दाखवा आणि दवाखान्यात सांगायचं ते वाक्य कागदावर लिहून तिच्या फाईलमध्ये ठेवा.

तुमचे प्रश्न आम्हाला कळवा. पुढच्या भागात लघवीची पट्टी कशी वाचायची आणि वही कशी ठेवायची, ते नर्सबाईंकडून समजून घेऊ. तोवर नमस्कार.